अकरावीच्या उंबरठ्यावरची दोन वर्षे

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत महासाथीचा काळ जेमतेम दोन वर्षांचा. टाळेबंदीत मंडळाने घरोघरी शिधा कसा पोहोचविला, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूच्या सिलिंडरांसाठी कार्यकर्त्यांनी रात्री कशा जागविल्या, हे आपणा सर्वांच्या स्मरणात आहेच. त्या मानाने आमच्या लेखाचा विषय किरकोळ वाटेल. त्या दोन वर्षांत दहावीतून अकरावीत गेलेल्या आपल्या मुलामुलींनी विषय कसे निवडले, आणि मंडळातील आम्ही चार-पाच जण त्यांना सल्ला देण्याच्या भरीस पडलो तेव्हा काय घडले, एवढाच तो विषय आहे. परंतु ज्यांच्या घरी त्या वर्षी दहावीचे मूल होते, ते यास किरकोळ म्हणणार नाहीत अशी आमची खात्री आहे.

प्रथम थोडे मागे जावे लागेल. ‘सायन्स, कॉमर्स की आर्ट्स’ हा प्रश्न आपल्याकडे जणू वेदकाळापासून चालत आला आहे अशा थाटात विचारला जातो. वस्तुतः तो फार जुना नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या दोघांना कोणी शाखा विचारली नव्हती. शाळेच्या वयातच विद्यार्थ्यांची विषयवार विभागणी करावी हा विचार स्वातंत्र्यानंतर बळावला. १९५२–५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली आणि विषयांचे सात गट सुचविले: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला व गृहविज्ञान. गट निवडावयाचा तो आठवीनंतर, म्हणजे वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी! ज्या वयात मुलाला आपल्या चपलेचे माप दर सहा महिन्यांनी नव्याने सांगावे लागते, त्या वयात त्याने आयुष्याचे माप सांगावे अशी ही अपेक्षा होती.

ही चूक पुढे १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने दाखवून दिली. दहा वर्षे सर्वांना एकच सामान्य शिक्षण द्यावे, विशेषीकरण त्यानंतर व्हावे, असे आयोगाचे मत पडले. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. दहा अधिक दोनच्या आकृतिबंधामागे या अबोल मराठी माणसाचे किती परिश्रम आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ साली झाली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची, ज्याच्या शाळांत आपली बहुतेक मुले शिकतात, ती १९७७ साली झाली आणि त्या मंडळाची पहिली बारावी १९७९ साली.

निवड अशी दोन वर्षांनी पुढे ढकलली गेली खरी. परंतु निवडणारा मात्र बदलला. निवड करू लागली ती दहावीची गुणपत्रिका. वरचे टक्के विज्ञानाला, मधले वाणिज्याला आणि उरलेले कलाशाखेला, अशी एक उतरंड शाळाशाळांतून रूढ झाली. कोणत्याही आयोगाने ती सांगितलेली नव्हती. आम्ही स्वतः बी.ए. झालेले. गणितात बरे गुण असूनही कलाशाखेचा अर्ज भरला, तेव्हा आमच्या मामांनी आठवडाभर अबोला धरला होता. घरात कोणी परीक्षेत नापास झाले असते तरी त्यांना इतके दुःख झाले नसते.

बदलीच्या नोकरीतील आपल्या कुटुंबांत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. मुलाला अकरावीसाठी पुण्याला किंवा नागपूरला आजी-आजोबांकडे ठेवावे, की येथेच कानपुरात बारावी करू द्यावी? महाराष्ट्रातील व्यावसायिक महाविद्यालयांच्या प्रवेशात दहावी-बारावी कोठून केली, अधिवास कोठला, या गोष्टींना महत्त्व असते. त्यामुळे विषयाबरोबर गावही निवडावे लागते. एरवी या साऱ्याचा उलगडा गणेशोत्सवाच्या मांडवात, कोजागरीच्या दुधाबरोबर होत असे. ज्याचा मुलगा दोन वर्षे पुढे आहे तो सांगे, ज्याचा मागे आहे तो ऐके. काकादेवच्या शिकवणी वर्गांचे जाळे येथून हाकेच्या अंतरावर असल्याने उपदेश करणाऱ्यांची कधी वाण पडली नाही.

२०२० साली हे सगळे एकाएकी थांबले. त्या वर्षीच्या दहावीचे बहुतेक मुख्य पेपर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकले होते. १९ मार्चपासूनच्या परीक्षा लांबणीवर पडल्या आणि २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. उरलेले पेपर जुलैत घेण्याचे ठरले होते, तेही जूनअखेर रद्द झाले. निकाल १५ जुलै रोजी लागला. म्हणजे आपल्या मुलांची परीक्षा बुडाली नव्हती, गुणपत्रिकाही हाती आली होती. नाहीशी झाली होती ती परीक्षेनंतरची दोन महिन्यांची मोकळीक. शाळेत जाऊन अकरावीच्या शिक्षकांना भेटणे नाही, प्रयोगशाळेत डोकावणे नाही, वरच्या वर्गातील मुलांची पुस्तके चाळणे नाही. भौतिकशास्त्र म्हणजे काय हे मोबाईलच्या चार इंची पडद्यावर ठरवावयाचे होते, आणि कित्येक घरांत तो मोबाईलही वडिलांच्या कार्यालयीन बैठकांतून मोकळा झाल्यावरच मुलाच्या हाती येई.

जुलैच्या मध्यास मंडळाच्या कार्यकारिणीने ठरविले की रोज सायंकाळी सात ते नऊ दूरध्वनीवर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावे. आम्हांला त्यात ओढले गेले ते आम्ही परिपत्रके वाचण्यात मुरलेले म्हणून. एक वही घातली. नाव, शाळा, गुण, इच्छा, सल्ला असे रकाने आखले. ‘इच्छा’ हा रकाना चौथा होता हे त्या वेळी आमच्या ध्यानातही आले नाही.

त्या वर्षी एक नवी गोष्ट होती. केंद्रीय मंडळाने दहावीचे गणित प्रथमच दोन पातळ्यांवर घेतले होते, ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’. अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. ज्याने बेसिक घेतले त्याला अकरावीत गणित घेता येणार नाही, हा त्यातला नियम. ते हवेच असेल तर पुरवणी परीक्षेच्या वेळी स्टँडर्डचा पेपर द्यावा, एवढी एक खिडकी ठेवलेली होती. शांत दिवसांत हा नियम वाजवी म्हणता आला असता; पण पुरवणी परीक्षाच केव्हा होणार याचा जुलैत पत्ता नव्हता.

एका संध्याकाळी आपल्याच वसाहतीतील एका मुलीचा फोन आला. “काका, मला आर्किटेक्चरला जायचंय. पण माझं गणित बेसिक आहे. आता काय करू?” नववीत असताना गणिताच्या धास्तीने तिने बेसिकची नोंद केली होती. दहावीच्या वर्षात ती धास्ती गेली, नोंद मात्र राहिली. वास्तुशास्त्राच्या पदवीला बारावीचे गणित लागते. आम्ही परिपत्रक समोर ठेवले, त्यातील कलम तिला वाचून दाखविले आणि सांगितले, “बाळ, नियमाप्रमाणे तुला गणित मिळणार नाही. उगाच आशेवर राहू नकोस.” त्याच सत्रापासून ‘उपयोजित गणित’ हा नवा ऐच्छिक विषय आला होता, परंतु तो तिच्या वाटेचा नव्हता. तिने भूगोल, अर्थशास्त्र आणि चित्रकला घेऊन मानव्यविद्येत नाव घातले. वहीत तिच्या नावापुढे आमच्याच अक्षरात लिहिले आहे: ‘गणित नाही.’

ऑगस्टमध्ये केंद्रीय मंडळाने महासाथीची परिस्थिती ध्यानात घेऊन सवलत जाहीर केली. बेसिक गणित घेतलेल्यांनाही, मुख्याध्यापकांची त्यांच्या कुवतीविषयी खात्री पटल्यास, अकरावीत गणित घेण्याची मुभा मिळाली. (‘केवळ या वर्षापुरती’ म्हणून दिलेली ही सवलत नंतरच्या वर्षांतही चालू राहिली.) आम्हांला हे कळले सप्टेंबरात, तेही एका अन्य पालकांकडून. पस्तीस दिवस आम्ही जुन्या परिपत्रकाच्या आधारावर निश्चिंत बसलो होतो. तोवर तिच्या शाळेतील गणिताची तुकडी भरली होती आणि अभ्यासक्रमही पुढे सरकला होता. कार्यालयात कोणतीही टिपणी लिहिण्यापूर्वी ‘यानंतर काही आदेश निघाला आहे काय’ हे पाहण्याची सवय आम्हांला तीस वर्षांची आहे. फायलीसाठी जी काळजी आम्ही घेतो, ती एका मुलीसाठी घेतली नाही. तिच्या वडिलांना आम्ही स्वतः जाऊन हे सांगितले. ते फार काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

याच जुलैच्या २९ तारखेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. कला आणि विज्ञान यांच्यात ताठर भिंती नसाव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. निकालानंतर अवघ्या चौदा दिवसांनी हे वाचून कित्येक मुलांनी आम्हांला विचारले की मग आता भौतिकशास्त्राबरोबर इतिहास घेता येईल का. धोरण मंजूर होणे आणि शाळेच्या वेळापत्रकात ते उतरणे यांत किती वर्षांचे अंतर असते, हे सोळा वर्षांच्या मुलाला समजावून सांगण्याचे काम शासकीय अधिकाऱ्याला फारसे प्रिय नसते.

२०२१ साल त्याहून कठीण निघाले. १४ एप्रिल रोजी केंद्रीय मंडळाने दहावीची परीक्षाच रद्द केली. वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, उरलेले ऐंशी शाळेच्या वर्षभराच्या चाचण्या, सहामाही आणि पूर्वपरीक्षा यांवरून द्यावयाचे. मुख्याध्यापक व सात शिक्षक यांच्या समितीने ते ठरवावे आणि शाळेचा एकूण निकाल मागील तीन वर्षांतील तिच्या सर्वोत्तम निकालाशी जुळवावा, अशी ती योजना होती. ३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा ९९.०४ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते. महाराष्ट्रात तर राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीच्या प्रवेशासाठी तेथे वेगळी प्रवेश परीक्षा घ्यावयाचे ठरले होते, तीही १० ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविली. ज्यांनी मुलांना पुण्यास धाडण्याचे ठरविले होते, त्यांच्या घरी त्या दिवशी दोन्ही गावांचे अर्ज टेबलावर पडून होते.

गुण होते, पण त्यांवर कोणाचाच विश्वास नव्हता. आईबापांचा नव्हता, मुलांचाही नव्हता. एका मुलाने आम्हांला सांगितले, “काका, ब्याण्णव टक्के माझे नाहीत, शाळेचे आहेत.” शिक्षकांनी मोठ्या कष्टाने केलेल्या कामावर हा अन्याय होता, परंतु त्या मुलाला तसे वाटत होते हे खरे.

तेव्हा आम्हांला आमची पद्धत बदलावी लागली. वहीत ‘इच्छा’ हा रकाना पहिला आला. मुलाला पडद्यावर समोर बसवून बीजगणिताची पाच-सहा उदाहरणे सोडवावयास देऊ लागलो. उत्तर येते की नाही यापेक्षा अडल्यावर तो किती वेळ झगडतो हे पाहावयाचे. इतिहास घेऊ म्हणणाऱ्याला एखादे पान वाचून स्वतःच्या शब्दांत लिहावयास सांगत असू. आणि वडिलांना, विनंतीपूर्वक, खोलीबाहेर बसवीत असू. शेवटची अट पाळून घेणे सर्वांत जड गेले. आयुध निर्माणीतील एका गृहस्थांनी तर दाराआडून उत्तरे पुरविली!

एरवी जे गुणपत्रिकेवरून पाच मिनिटांत ठरले असते, त्याला आता तास-दीड तास लागे. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकेका घरात असे संवाद झाले की जे परीक्षा झाली असती तर झाले नसते. एका आईला लेकाची भूगर्भशास्त्राची आवड तेव्हा प्रथम कळली. उलट, आईचे आजारपण पाहिल्यामुळे डॉक्टर व्हावयाचे म्हणणाऱ्या एका मुलीला जीवशास्त्रात मुळीच रस नाही, हेही त्याच तासाभरात उघड झाले. तिला काय सांगावे हे आम्हांला सुचले नाही. तिने जीवशास्त्रच घेतले.

ज्या गणितांवर मुलांनी विषय निवडले, ती गणितेही पुढे टिकली नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरात दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांच्या काही अभ्यासक्रमांची पहिली प्रवेश यादी शंभर टक्क्यांवर थांबली. ते पाहून अकरावीतल्या काहींनी ‘गुण देणारे’ विषय पकडून ठेवले. आणि २०२२ च्या मार्चमध्ये घोषणा झाली की केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश यापुढे सामाईक प्रवेश परीक्षेवर होतील, बारावीच्या टक्क्यांवर नव्हे. २०२० साली अकरावीत शिरलेली आपली मुले त्या परीक्षेची पहिली तुकडी ठरली. दहावीला महासाथ, बारावीला दोन सत्रांत तोडलेली बोर्ड परीक्षा आणि दारात नवी प्रवेश परीक्षा, एवढे सगळे एका तुकडीच्या वाट्यास आले.

ती मुलगी भूगोल घेऊन पदवीधर झाली आणि आता उपग्रहांच्या चित्रांवरून नकाशे बनविण्याचे शिक्षण घेत आहे. गेल्या गणेशोत्सवात भेटली तेव्हा तिने आमच्या पाया पडून खुशाली विचारली. कामाविषयी उत्साहाने बोलली. गणिताचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही. तिच्या वडिलांचा आमचा घरोबा पूर्वीसारखाच आहे; केवळ कोणाच्या मुलाच्या अकरावीची गोष्ट निघाली की ते चहाचा कप उचलून दुसऱ्या कोंडाळ्यात जातात.

मार्गदर्शनाचा उपक्रम मंडळाने पुढेही चालू ठेवला आहे. दहावीच्या निकालानंतरच्या पहिल्या रविवारी सभागृहात टेबल लागते. वही तीच आहे, रकाने मात्र सहा झाले आहेत. सहाव्या रकान्यात त्या दिवशीपर्यंतच्या शेवटच्या परिपत्रकाची तारीख लिहिली जाते, आणि महिन्याभराने त्या मुलाला पुन्हा फोन केला जातो.