सुईणीचा परवाना

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ऑल्बनी गावी मेरी कोली नावाच्या एक कृष्णवर्णीय सुईण होत्या. गाव त्यांना ‘मिस मेरी’ म्हणायचं. नवरा सोडून गेलेला, पदरी दहा मुलं. तरी आयुष्यभरात त्यांनी तीन हजारांवर बाळंतपणं केली, काळ्यांच्या घरची आणि गोऱ्यांच्या घरचीही. राज्याच्या आरोग्य खात्याला सुईणींच्या प्रशिक्षणासाठी चित्रपट हवा होता, तेव्हा दिग्दर्शक जॉर्ज स्टोनी यांनी मिस मेरींनाच नायिका केलं. १९५३ साली ‘ऑल माय बेबीज’ तयार झाला. त्यात हात घासघासून धुणं आहे, कात्री उकळून घेणं आहे, बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालणं आहे. खरंखुरं बाळंतपणही आहे, कुठेही आडपडदा न ठेवता दाखवलेलं. एका घरी सगळी तयारी चोख, तर दुसऱ्या घरी अठरा विश्वे दारिद्र्य. मिस मेरी मात्र दोन्हीकडे सारख्याच मायेने वावरतात.

हा चित्रपट पुढे परदेशातही सुईणींना दाखवला गेला आणि २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात त्याची निवड झाली. ज्या सरकारी यंत्रणेने मिस मेरींना पडद्यावर आणलं, तिच्याच लेखी मात्र त्यांचा पेशा तात्पुरता होता. डॉक्टर आणि हॉस्पिटलं पुरेशी होईपर्यंत सुईणींवर भागवायचं, एवढंच धोरण होतं.

पेशा जुना होता, गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेला. गुलाम बाईचं मूल जन्मतःच मालकाची मालमत्ता ठरे. त्यामुळे हातगुण असलेली सुईण मालकाला मोलाची वाटायची. शेजारच्या मळ्यावर तिला धाडायचं आणि तिच्या कामाचे पैसे आपण खिशात घालायचे, असाही प्रकार चाले. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण डॉक्टर काही काळ्यांच्या झोपडीपर्यंत आला नाही. ‘ग्रॅनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बायकाच येत राहिल्या. विद्या आजीकडून किंवा आईकडून मिळालेली आणि देवाने आपल्याला या कामासाठी बोलावलं आहे ही श्रद्धा. कळा कापल्या जाव्यात म्हणून खाटेखाली सुरी किंवा कुऱ्हाड ठेवायची, झाडपाल्याचा काढा पाजायचा. मूल झालं की लगेच उठून जायचं नाही. चूल पेटवायची, धुणं धुवायचं, थोरल्या पोरांना जेवू घालायचं. मोबदला म्हणून कधी थोडे डॉलर, कधी कोंबडी, कधी मका, आणि पुष्कळदा काहीच नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली जवळजवळ निम्मी बाळंतपणं सुईणींच्या हातून होत होती. प्रसूतिशास्त्र हा नव्या डॉक्टरांचा मानाचा प्रांत व्हायचा, तर सुईण वाटेतून दूर व्हायला हवी होती. बाळंतिणींच्या मृत्यूंचं खापर तिच्यावर फोडणं सोपं होतं. ती गरीब होती, बहुधा निरक्षर होती आणि दक्षिणेत तर काळी होती. १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता आणि बालकांच्या आरोग्यासाठी केंद्राचा पैसा आला. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातून सुईणींची नोंदणी, वर्ग आणि परवाने सुरू केले. पांढरा झगा, पांढरी टोपी आणि महिन्याच्या सभेत पिशवीची तपासणी. पिशवीत ठरवून दिलेलंच सामान हवं. झाडपाला सापडला तर परवान्यावर गदा यायची. काही सुईणींनी त्यावर साधा तोडगा काढला होता. एक पिशवी तपासणीची, दुसरी कामाची.

या वर्गांनी फायदा झालाच नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. उकळलेल्या कात्रीने नाळेचा जंतुसंसर्ग टळला, डोळ्यांतल्या थेंबांनी कित्येक बाळांची दृष्टी वाचली. अनेक सुईणी हौसेने शिकल्या आणि परवान्याचा त्यांना अभिमानही होता. पण दोषाचा हिशेब एकाच बाजूने मांडला जात होता. न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीने शहरातल्या तीन वर्षांच्या माता-मृत्यूंची छाननी करून १९३३ मध्ये अहवाल दिला. त्यात सुमारे दोन तृतीयांश मृत्यू टाळता आले असते असं निघालं, आणि त्यांतला मोठा वाटा डॉक्टरांच्या चुकांचा होता. अहवालावर गदारोळ झाला. सुईणींवरची मोहीम मात्र थांबली नाही.

पांढऱ्या कोटाविषयी दक्षिणेतल्या काळ्या बायकांच्या मनात जी धास्ती होती, तिलाही इतिहास होता. अलाबामातल्या माँटगोमेरीत १८४५ ते १८४९ या काळात डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनी गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. अनार्का, लुसी आणि बेट्सी ही त्यांतली नोंदलेली तीन नावं. एकट्या अनार्कावर तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. सिम्स यांना ‘स्त्रीरोगशास्त्राचे जनक’ ही पदवी मिळाली आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. तो हलवायला २०१८ साल उजाडावं लागलं.

सुईणीचं काम अमेरिकेतल्या गोऱ्या वाचकांना दिसलं ते एका छायाचित्रकारामुळे. साउथ कॅरोलायनातल्या पाइनव्हिल भागात मॉड कॅलन या परिचारिका-सुईण काम करत. चारशे चौरस मैलांचा मुलूख, रस्ते चिखलाचे, आणि बहुतेक रुग्ण निर्धन. डब्ल्यू. युजीन स्मिथ त्यांच्यामागे हिंडले आणि डिसेंबर १९५१ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांची चित्रमालिका छापून आली. वाचकांनी वीस हजार डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. त्या पैशांतून १९५३ मध्ये कॅलन यांचं क्लिनिक उभं राहिलं. वर्गणीतून का होईना, एका सुईणीला छप्पर मिळालं.

बाकीच्यांच्या वाट्याला हे आलं नाही. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने गावोगाव हॉस्पिटलं बांधली गेली, पण काळ्यांसाठी वेगळे वॉर्ड ठेवायला त्यात मुभा होती. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि त्यापाठोपाठ आलेल्या सरकारी आरोग्यविम्याने ते दरवाजे उघडले, आणि बाळंतपणं झपाट्याने हॉस्पिटलात गेली. आजीपेक्षा नातीला हॉस्पिटल बरं वाटलं, यात नवल काही नाही. तोवर जे नाकारलं गेलं ते तिला आता मिळत होतं. अलाबामाने १९७६ मध्ये कायदा करून परिचारिका नसलेल्या सुईणींची वाट बंद केली. मोबील शहरातल्या ओनी ली लोगन घरकाम करून सुईणपण सांभाळत. त्यांचा परवाना १९८४ मध्ये संपवण्यात आला. त्यांनी तोंडी सांगितलेली जीवनकथा १९८९ मध्ये ‘मदरविट’ या नावाने पुस्तकरूपात आली. ग्रीन काउंटीतल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनीही तीन हजारांवर बाळंतपणं केली होती. त्याही याच सुमारास थांबल्या.

मजा अशी, की सुईणी बाजूला होत असतानाच त्यांच्या कामाचा एक तुकडा प्रयोगशाळेच्या भाषेत परत येत होता. डॉ. जॉन केनेल आणि डॉ. मार्शल क्लाउस यांच्या गटाने ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलात कळा देणाऱ्या बायकांजवळ एक अनोळखी पण प्रेमळ बाई बसवून पाहिली. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलत राहायची. कळांचा काळ निम्म्यावर आला. १९८० मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि १९९२ मध्ये या सोबतिणींची, म्हणजे डूलांची, संघटना उभी राहिली. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात २६ चाचण्यांमधल्या १५ हजारांवर स्त्रियांची माहिती तपासली गेली. अखंड सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात, हे त्यातून दिसलं. सुरुवातीला ही सोबत मिळाली ती पदरचे पैसे मोजू शकणाऱ्या बायकांना. शफिया मन्रो यांच्यासारख्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी नव्वदच्या दशकापासून ती आपल्या वस्त्यांत नेली, आणि नेताना ग्रॅनींचं नाव मुद्दाम घेतलं.

या सोबतीची गरज किती आहे ते आकड्यांत दिसतं. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या माता १४.५. शिक्षण किंवा पैसा इथे ढाल होत नाही. सरकारच्याच रोगनियंत्रण संस्थेत संशोधक असलेल्या शॅलन अर्विंग २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी गेल्या. त्याच वर्षी टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, आणि तपासणी करा म्हणून त्यांना स्वतःच आग्रह धरावा लागला. अशा वेळी बाळंतिणीचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत पोचवायला शेजारी कुणी असणं, हे डूलाचं मोठं काम.

देशातल्या दर दहांपैकी चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेड ही सरकारी योजना उचलते. ऑरेगॉन आणि मिनेसोटा यांनी सर्वांत आधी त्यातून डूलाला पैसे द्यायला सुरुवात केली; कॅलिफोर्नियात हे १ जानेवारी २०२३ पासून सुरू झालं. ऑरेगॉनचा पहिला दर एका बाळंतपणाला ७५ डॉलर होता. रात्र रात्र जागणाऱ्या बाईला हा दर देणं म्हणजे थट्टाच. पुढे तो वाढवावा लागला. शिवाय डूलाने तपासायचं नाही, बाळ झेलायचं नाही. मिस मेरींच्या कामातली सोबत तेवढी तिच्याकडे आली. बाळंतपण करायचा अधिकार अजून मोजक्याच कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हातात आहे. अलाबामाने २०१७ मध्ये कायदा बदलून परिचारिका नसलेल्या, पण परीक्षा देऊन प्रमाणित झालेल्या सुईणींना पुन्हा परवाना देऊ केला. ही दुरुस्ती एक्केचाळीस वर्षं उशिरा आली.