शिसे, जस्त आणि प्रवासी विमाने

पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगावचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात प्रामुख्याने पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनामुळे नोंदले गेले, आणि त्या सदनाच्या छापखान्याचे महत्त्वही बहुधा तेथे छापल्या गेलेल्या एका ग्रंथापुरते, म्हणजे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून केलेल्या व त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी बायबलापुरते, मानले जाते. तंत्राच्या इतिहासाकडे पाहिले तर मात्र त्या छापखान्यात मुली आणि स्त्रिया जे खिळे जुळवीत, म्हणजे शिसे, कथील व अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे अक्षरांचे ठसे, त्यांचे नाते एका अगदी निराळ्या वस्तूशी जुळते. ती वस्तू म्हणजे संग्राहक ज्यांना ‘डायकास्ट’ म्हणतात ती ओतीव धातूची छोटी प्रवासी विमाने. वितळलेला धातू साच्यात दाबाने भरून एकाच आकाराच्या असंख्य वस्तू काढण्याच्या पद्धतीचे पहिले पेटंट १८४९ साली दिले गेले ते खिळे ओतण्याच्या हातयंत्रालाच, आणि खेळण्यांच्या कारखान्यांनी ही विद्या नंतर उचलली.

विमानांच्या बाबतीत ती रुजवली लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीने. फ्रँक हॉर्नबी यांच्या या कंपनीने १९३४ मध्ये ‘डिंकी टॉइज’ या मालिकेत विमानांचा पहिला संच काढला, त्यात इम्पीरियल एअरवेजचे चार इंजिनांचे अटलांटा जातीचे प्रवासी विमान होते. त्याच जातीची विमाने १९३३ पासून कराची–कोलकाता मार्गावर उडत होती. इम्पीरियलने कराचीपर्यंत आणलेली टपाल पुढे नेण्यासाठीच जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर आणले होते. म्हणजे भारतीय नागरी विमानसेवा आणि तिच्या आकाशातील विमानांची धातूची प्रतिकृती यांचा आरंभ जवळजवळ एकाच वेळी झाला.

त्या पहिल्या पिढीतील फार थोडी विमाने आज धड अवस्थेत सापडतात, आणि याचे कारण पुन्हा शिशातच आहे. खेळण्यांसाठी शिशाऐवजी जस्ताचा मिश्रधातू वापरला जाऊ लागला होता; अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम व तांबे मिसळून ‘झमाक’ हा मिश्रधातू सिद्ध केला, तो हलका, कठीण आणि बारीक नक्षी नेमकी उचलणारा होता, परंतु त्यात शिशाचा अंश शिरला तर धातूच्या कणाकणांमधून गंज पसरतो, वस्तू फुगते, तिला भेगा पडतात आणि शेवटी भुगा होतो. यालाच संग्राहक ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. आजच्या मानकानुसार एक किलो झमाकमध्ये पन्नास मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे चालत नाही. ज्या धातूने अक्षरे टिकवली त्याच धातूने विमाने नासवली, ही या इतिहासातील विलक्षण गोष्ट आहे.

युद्धोत्तर काळात धातूची शुद्धता सुधारली. प्रौढ संग्राहकांसाठी ठरावीक प्रमाणात विमाने काढण्याची प्रथा जर्मनीत स्थिरावली. न्यूरेंबर्गच्या शाबाकने १:६००, हेर्पाने १:५०० आणि पुढे अमेरिकेच्या जेमिनी जेट्सने १:४०० हे प्रमाण रूढ केले. यांपैकी १:४०० हेच इतिहासाच्या अभ्यासाला सर्वांत सोयीचे म्हणावे लागेल, कारण त्यात एका कंपनीचा पूर्ण ताफा एका फळीवर मावतो आणि तरीही फरक डोळ्यांना दिसतो. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान या प्रमाणात सात-साडेसात सेंटीमीटर भरते, १९६० चे बोइंग ७०७ पावणेबारा, तर १९७१ चे बोइंग ७४७ ‘एम्परर अशोक’ जवळजवळ अठरा. तेवीस वर्षांतील ही वाढ कोणत्याही तक्त्यापेक्षा स्पष्ट कळते.

ओतकामानंतर प्रतिकृतीचे उरलेले निम्मे काम छपाईचेच असते. सिलिकॉनची मऊ गादी कोरीव पत्र्यावरची शाई उचलून वक्र पृष्ठभागावर टेकवते. या ‘टॅम्पो’ छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा पत्रा लागतो, आणि एअर इंडियाच्या ७४७ वर खिडक्यांभोवती रंगवलेल्या झरोक्यांच्या लाल कमानी या प्रमाणात मिलिमीटरभर उंचीच्या होत असल्याने एखादी रेषा सरकली तरी संपूर्ण रांग बिघडते. शेपटीजवळची नोंदणीअक्षरे त्याहून लहान, पण त्यांचे मोल मोठे; व्हीटी-ईबीडी ही अक्षरे असलेली प्रतिकृती म्हणजे १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्यासमोर समुद्रात कोसळून २१३ जीव घेऊन गेलेला ‘एम्परर अशोक’च, दुसरे कोणतेही ७४७ नव्हे. एकच साचा अनेक कंपन्यांच्या रंगांत वापरला जातो, म्हणून जाणकार आधी इंजिने तपासतात: एअर इंडियाच्या पहिल्या ७०७ विमानांना रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिने होती, आणि त्यांच्या जागी अमेरिकन इंजिने बसवलेली प्रतिकृती कितीही देखणी असली तरी इतिहासाच्या दृष्टीने चुकीची ठरते.

प्रतिकृतींच्या छायाचित्रणाची शाखा भारतात का महत्त्वाची ठरते, हे कायद्यावरून कळते. १९३७ च्या विमान नियमावलीतील १३ व्या नियमाने शासकीय विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीविना छायाचित्र घेण्यास मनाई केली. प्रवाशांना विमानातून छायाचित्रे घेण्याची सवलत २००४ मध्ये मिळाली. केडगावला जवळचा लोहगाव विमानतळ तर हवाई दलाचाच तळ असल्याने तेथील निर्बंध आणखी कडक आहेत. अशा प्रदेशात विमानाचे निवांत, सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यायचे तर प्रतिकृती हाच मोकळा मार्ग उरतो.

मात्र प्रतिकृतीच्या छायाचित्रणाचेही स्वतःचे शास्त्र आहे. धावपट्टीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची १:४०० मध्ये केवळ चार मिलिमीटर होते, म्हणून विमान उंच फळीच्या कडेला ठेवून भिंग त्या कडेच्या पातळीत आणावे लागते. इतक्या जवळून नाकापासून शेपटीपर्यंत सर्व भाग एकाच वेळी स्पष्ट येत नाही, म्हणून अंतर थोडे थोडे बदलत घेतलेली अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र केली जातात. प्रकाश सूर्याचाच उत्तम, कारण दिव्याची सावली पसरट पडते आणि वस्तूचा लहानपणा लगेच उघड होतो.

१७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्यांच्या रंगांतील प्रतिकृती आता बऱ्याचदा जुन्या साठ्यातून मिळवाव्या लागतात. अशा विमानांची छायाचित्रे घेताना साचा, प्रमाण, नोंदणीअक्षरे आणि रंगसंगतीचे वर्ष यांची नोंद सोबत ठेवणे अत्यंत आवश्यक आहे, कारण शिशाच्या दोषाने भुगा झालेल्या १९३० च्या दशकातील कित्येक नगांचा मूळ आकार आणि रंग आज फक्त अशा चित्रांवरून व जुन्या सूचीपत्रांवरूनच ठरवता येतो.