आकाशमार्गाचा विलंब

कळंब्याच्या तलावांत खडा टाकला म्हणजे दूरच्या काठाला तरंग उशिरां पोंचतो. संदेशांचेंही तसेंच आहे. १९७१ मध्यें नारायणगांवाजवळ आर्वी येथें देशाचें पहिलें व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झालें. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंच. प्रश्न जाऊन उत्तर येण्यास अर्धा सेकंद. संभाषणांत तें खपलें. इंटरनेटच्या एका पानास मात्र अशा अनेक फेऱ्या लागतात! शिवाय पोंच येईपर्यंत ६४ किलोबाइटांहून अधिक पाठवूं नये, असा १९८१ चा नियम. मग वाट कितीही रुंद असो, एका जोडणीचा वेग सेकंदाला एका मेगाबिटाच्या आसपासच अडे. ती मर्यादा १९९२ च्या सुधारणेनें वाढविली. अंतर कोण घटविणार? तार न पोंचलेल्या गांवांना ती प्रतीक्षा सोसावीच लागली. पुढें साडेपांचशे किलोमीटरांवरून फिरणारे उपग्रह आले.