थंडावलेले तपास आणि लोकांची साक्ष

खुनाचा तपास वर्षानुवर्षे लागत नाही, तेव्हा ‘पुरावा मिळाला नाही’ असे सांगितले जाते. पुरावा कोणी शोधला, कोणाला विचारले, कोणाचे बोलणे पुरावा मानले गेले, हे प्रश्न त्या एका वाक्यात बुडून जातात. ज्यांच्या मरणाला समाजात किंमत नसते त्यांची प्रकरणे थंड होत नाहीत. ती थंड केली जातात. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात नेमके हेच घडले.

२१ जून १९६४ रोजी तेथे नागरी हक्क चळवळीचे तीन कार्यकर्ते बेपत्ता झाले. एक काळा, दोन गोरे. साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले. त्यांच्या शोधात जुलैमध्ये मिसिसिपी नदीच्या जुन्या पात्रात दोन मृतदेह सापडले. ते निघाले हेन्री डी आणि चार्ल्स मूर या काळ्या तरुणांचे. दोघेही १९ वर्षांचे. २ मे रोजी कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी त्यांना पळवून नेले, जंगलात मारझोड केली आणि वजने बांधून पाण्यात बुडवले. काळे लोक शस्त्रे जमवताहेत, या अफवेतून आलेला संशय त्यांच्या जिवावर बेतला होता.

सापडलेले देह ‘हवे ते’ नव्हेत हे कळताच देशाचे लक्ष उडाले. नोव्हेंबरमध्ये जेम्स फोर्ड सील आणि चार्ल्स एडवर्ड्स यांना अटक झाली. जानेवारी १९६५ मध्ये खटला सोडून देण्यात आला. प्रकरण बासनात गेले.

चाळीस वर्षांनी, २००५ साली, चार्ल्सचा भाऊ थॉमस मूर हा निवृत्त सैनिक डेव्हिड रिजन या कॅनडियन चित्रपटकारासह गावी परतला. सील मेल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले होते. पण तिथल्याच एका माणसाने सांगितले, तो जिवंत आहे, आणि घरही दाखवले. जे गाव जाणत होते ते कागदाला ठाऊक नव्हते. थॉमस फेडरल सरकारी वकिलाला भेटला आणि तपास पुन्हा उघडला. एडवर्ड्सने सीलविरुद्ध साक्ष दिली. २००७ साली सील दोषी ठरला. त्याला तीन जन्मठेपा झाल्या. २०११ मध्ये तो तुरुंगातच मेला.

येथे कोणतेही नवे यंत्र कामी आले नाही. एका भावाने नाव टाकून दिले नाही, एका गावकऱ्याने तोंड उघडले, एका साथीदाराने मौन सोडले. लोक तपासाला मदत करतात ती अशी. मात्र एक भान ठेवले पाहिजे. अफवेवरून माणसे मारणारा जमावही लोकांचाच होता. लोकांनी माहिती द्यावी, कागद जपावेत, विचारत राहावे. निवाडा आपल्या हाती घेऊ नये.

हे काम विद्यार्थीही करू शकतात. न्यू जर्सीतील हाइट्सटाउन हायस्कूलच्या मुलांनी नागरी हक्क काळातील अशा जुन्या प्रकरणांचे सरकारी कागद खुले करण्यासाठी विधेयकाचा मसुदा तयार केला. जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. शाळकरी मुलांनी सरकारचे कपाट उघडायला लावले!

१९७२ साली आपल्या तरुणांनी काळ्यांच्या ‘ब्लॅक पँथर’वरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले. त्यांच्याकडून ही चिकाटीही घेतली पाहिजे. ज्यांच्या घरात शाळेचा दाखला हाच पहिला कागद, त्यांना दप्तर जपण्याची सवय कोठून असणार? पण फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ती मागून घ्यावी. तारीख, नावे, कोणी काय पाहिले, हे शिकलेल्या पोराने त्याच दिवशी लिहून ठेवावे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारून जुन्या प्रकरणांच्याही नोंदी कराव्यात. आपला माणूस हरवला, मारला गेला, तर निदान त्याचे नाव हरवू देऊ नये. ते नाव घेऊन उद्या कोणी तरी दार ठोठावील, तेव्हा दाखवायला आपल्या हाती कागद असला पाहिजे.