लाल मणी

‘बाळाचं पोट उडतंय,’ असं आई सांगते तेव्हा निम्मं निदान झालेलं असतं. विदर्भात या दुखण्याला ‘डब्बा’ म्हणतात. पण साधी सर्दी कुठे संपते नि न्यूमोनिया कुठे सुरू होतो? पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका इथे काम करणाऱ्या फ्रँक शान यांनी १९८४मध्ये त्याचं उत्तर श्वासांच्या आकड्यात दिलं. मिनिटाला ५०च्या वर श्वास गेले, की प्रतिजैविक सुरू करा; एक्स-रेची वाट पाहू नका.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने हे काम गावच्या दायांवरही सोपवलं. अनुभव दांडगा, पण अंकांशी वैर. त्यांच्यासाठी एक साधन घडलं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. बाळ शांत असताना झबलं वर करायचं, पोटावर नजर ठेवायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. तान्ह्यासाठी ही हद्द ६०ची, मोठ्यासाठी ५०ची.

औषध होतं को-ट्रायमोक्साझोल: स्वस्त, तोंडाने देता येणारं. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेले आकडे थक्क करणारे होते. उपचार मिळालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, तुलनेच्या गावांत १३.५.

पुढे या औषधाला जिवाणू दाद देईनासे झाले आणि अमॉक्सिसिलिन आलं. तुलनेचे प्रयोगही झाले. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आठ देशांतला, २००४चा: गंभीर न्यूमोनियाच्या १,७०२ मुलांत निम्म्यांना पेनिसिलिनची इंजेक्शनं, निम्म्यांना तोंडाने अमॉक्सिसिलिन. अपयश दोन्हींकडे १९ टक्के. सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत तिथे उघडी पडली. त्याच वर्षी भारतातल्या चाचणीत सौम्य न्यूमोनियाला तीन दिवसांचा डोस पाच दिवसांच्या तोडीचा ठरला.

औषध बदललं, दिवस घटले, तरी श्वास मोजणं सुटलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात वर्षापुढच्या मुलांची हद्द ४० आहे. म्हणजे त्यांचा लाल मणी एक घर अलीकडे.