भराभर वाढणारी, धक्का लागताच रक्ताळणारी लाल गाठ: पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हणजे काय?

बोटाला काटा टोचतो किंवा भाजी चिरताना सुरी लागते. जखम बारीक असते, दोन दिवसांत विसरलीही जाते. मग त्याच जागी एक लाल ठिपका दिसतो आणि दोन-तीन आठवड्यांत त्याची वाटाण्याएवढी लालबुंद, ओलसर गाठ होते. टॉवेल घासला, शर्टाचं बटण अडकलं की भळाभळा रक्त येतं. 'हा कॅन्सर तर नाही ना?' हा प्रश्न अशा वेळी मनात येतोच. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. पण ते उत्तर डॉक्टरांकडूनच मिळवणं का गरजेचं आहे, हे समजून घेऊ.

नाव फसवं आहे

या गाठीला पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हणतात. 'पायोजेनिक' म्हणजे पू निर्माण करणारा. प्रत्यक्षात या गाठीत पू नसतो आणि वैद्यकीय अर्थाने ती ग्रॅन्युलोमाही नसते. 1897 मध्ये पाँसे आणि दोर या फ्रेंच डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं, तेव्हा हा घोड्यांमध्ये आढळणाऱ्या एका संसर्गासारखा आजार असावा असं त्यांना वाटलं होतं. सध्याचं नाव 1904 पासून रूढ झालं. खरं तर ही त्वचेतल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांची बेसुमार वाढ आहे. म्हणूनच ती इतकी लाल दिसते आणि इतक्या सहज रक्ताळते. ती संसर्गजन्य नाही, एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

कोणाला आणि कुठे होते?

ही गाठ कोणत्याही वयात होऊ शकते, पण लहान मुलं, तरुण आणि गर्भवती महिलांमध्ये जास्त दिसते. बोटं, हात, चेहरा, ओठ आणि हिरड्या या तिच्या नेहमीच्या जागा आहेत. गर्भारपणात ती बहुधा हिरडीवर येते आणि बाळंतपणानंतर अनेकदा आपोआप आक्रसते. त्यामुळे त्रास फार नसेल तर डॉक्टर तोपर्यंत थांबायला सांगतात.

नेमकं कारण दर वेळी सापडत नाही. काही जणांत बारीक जखम, तर काहींत हार्मोन्समधले बदल कारणीभूत असतात. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, गर्भनिरोधक गोळ्या आणि कॅन्सरवरची काही औषधं यांच्यामुळेही अशा गाठी येऊ शकतात. पायाचं नख मांसात रुतलं तर त्याच्या कडेलाही असंच लाल मांस वाढतं.

ओळखायची कशी?

- काही दिवस ते काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, मग वाढ थांबते.
- आकार साधारण काही मिलीमीटर ते एक-दोन सेंटिमीटर.
- रंग लाल, कधी जांभळट. पृष्ठभाग चकचकीत किंवा खपली धरलेला.
- अनेकदा बुडाशी बारीक देठ असतो आणि भोवती पांढरट त्वचेची कड दिसते.
- दुखत फारसं नाही, पण रक्त वारंवार येतं.

मग डॉक्टरांकडे कशाला जायचं?

कारण काही कॅन्सर हुबेहूब असेच दिसतात. मेलानोमा हा त्वचेचा धोकादायक कॅन्सर सहसा काळा असतो, पण त्याचा रंगहीन प्रकार गुलाबी-लाल गाठीसारखा दिसतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचंही तसंच. मोबाइलवरचा फोटो पाहून हा फरक सांगता येत नाही. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने गाठ तपासतात. खात्रीचं उत्तर मात्र काढलेला तुकडा पॅथॉलॉजी लॅबमध्ये तपासल्यावरच मिळतं. गाठ काढली की 'तपासणीला पाठवणार ना?' हे जरूर विचारा.

उपचार कोणते?

सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे जागेपुरती भूल देऊन गाठ खरवडून काढणं आणि बुडाशी विजेच्या उपकरणाने डाग देऊन रक्त थांबवणं. काम थोड्या वेळात होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. गाठ मुळासकट कापून टाके घातले तर ती परत येण्याची शक्यता सर्वांत कमी असते, पण व्रण राहतो. लेझर, अतिथंड द्रवाने गोठवणं आणि सिल्व्हर नायट्रेट हे इतर पर्याय आहेत.

लहान मुलांच्या छोट्या गाठींवर काही वेळा टिमोलॉल वापरतात. हे मुळात काचबिंदूवरचे डोळ्यांत घालायचे थेंब. ते रक्तवाहिन्या आकुंचित करायला मदत करतात. गुण यायला आठवडे लागतात आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते.

बुडाशी थोडा भाग राहिला तर गाठ पुन्हा येऊ शकते. याचा अर्थ तो कॅन्सर आहे असा नाही, पण पुन्हा दाखवणं आवश्यक आहे.

रक्त थांबत नसेल तर

स्वच्छ कापड किंवा गॉज गाठीवर ठेवून 10 ते 15 मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये मध्ये उचलून पाहू नका. तरीही रक्त थांबलं नाही, तर लगेच दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

हे करू नका

चामखिळीला बांधतात तसा केस किंवा दोरा बांधणं, चुना किंवा ॲसिड लावणं, ब्लेडने कापणं हे सगळं टाळा. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि कायमचा डाग हे धोके आहेतच. त्याहून मोठा धोका म्हणजे तपासायला तुकडाच उरत नाही. मग ती साधी गाठ होती की आणखी काही, हे कळायला उशीर होतो.