तेलविहिरीतला चेक व्हॉल्व्ह

अस्करच्या पश्चिमेला, बेटाच्या मध्यभागी जबल दुखान आहे. आखाताच्या अरबी बाजूचे पहिले तेल १९३२ साली याच डोंगराच्या परिसरात लागले.

तेलविहीर खोदताना पोकळ ड्रिल पाइपमधून 'मड' म्हणजे चिखलासारखे दाट द्रावण पंपाने खाली सोडतात. ते बिटमधून बाहेर पडते आणि पाइपच्या बाहेरून दगडाचा चुरा घेऊन वर येते. नवीन पाइप जोडताना पंप बंद करावा लागतो. त्या वेळी चुऱ्यासकट मड उलटे पाइपमध्ये शिरू शकते. जमिनीतला दाब वाढला तर वायू किंवा तेल पाइपमधून थेट वर काम करणाऱ्या माणसांपर्यंत येऊ शकते. म्हणून बिटच्या थोडे वर चेक व्हॉल्व्ह बसवतात. ड्रिलिंगवाले त्याला फ्लोट व्हॉल्व्ह म्हणतात.

आपल्या गावाकडच्या विहिरीतला फूटव्हॉल्व्ह आठवा. मोटार बंद झाली तरी पाइपमधले पाणी तो परत विहिरीत जाऊ देत नाही. तत्त्व तेच. फ्लोट व्हॉल्व्हमध्ये बिजागरीची झडप किंवा स्प्रिंगवरचा दट्ट्या असतो. वरून पंपाचा दाब आला की उघडतो, खालून आला की बंद होतो.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. असा व्हॉल्व्ह असला की पाइप उतरवताना तो खालून भरत नाही. वरून मड भरत राहिले नाही, तर बाहेरच्या दाबाने पाइप चेपू शकतो. दुसरे म्हणजे, हा व्हॉल्व्ह फक्त पाइपच्या आतला रस्ता अडवतो. बाहेरच्या रस्त्यासाठी विहिरीच्या तोंडावर ब्लोआउट प्रिव्हेंटर लागतोच. एकाच्या भरवशावर दुसऱ्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.